सोसायटीत मदत मागायला गेलं की जुन्या कपड्यांची गाठोडी मिळतात

प्रश्न : ताई, मी ऐरोलीत राहते. एका छोट्या नोंदणीकृत संस्थेचं काम करते, तुर्भे स्टोअर आणि दिघ्याच्या वस्तीतल्या घरांना किराणा, मुलांच्या वह्या-पुस्तकं, औषधं असं आम्ही बघतो. सोसायट्यांत गेलं की लोक जुने कपडे हातात देतात, पैशांचं नाव काढलं की ज्यांना मदत केली त्यांचे फोटो मागतात. एक काका तर तोंडावर म्हणाले, पैसे जातात कुठे ते आधी दाखवा. आता कुणाकडे मागायचीच लाज वाटते.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : काकांचा राग धरू नका, त्यांनी विचारलं ते बरोबरच आहे. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला हवा, आणि पैसे संस्थेच्याच खात्यात, कुणाच्या स्वतःच्या जीपेवर ५१ रुपयेसुद्धा घेऊ नका. काकांना वेळ असेल तर महिन्याचा हिशोब तपासायलाच बोलवा, असे लोक पुढे सगळ्यात जास्त टिकतात. संस्थेकडे ८०जी, म्हणजे देणगीदाराला इन्कम टॅक्समध्ये सवलत मिळवून देणारी मान्यता असेल तर आधीच सांगून टाका की २००० च्या वर रोख दिली तर सवलत नाही, वस्तू दिल्या तरी नाही, आणि नवीन टॅक्स रिजीम घेतलेल्यांना तर ती वजावट मिळतच नाही. नाहीतर रिटर्न भरताना वाद होतो.

फोटोला मात्र ठाम नाही म्हणा. वस्तीतली बाई ज्या सोसायटीत धुणीभांडी करते त्याच सोसायटीच्या ग्रुपवर तिचा हातात किट धरलेला फोटो फिरला, तर दुसऱ्या दिवशी तिने त्या घरात कोणत्या तोंडाने जायचं? त्याऐवजी वाशीच्या दाणाबाजारातलं बिल दाखवा, तूरडाळ किती, तेल किती, किती घरांना गेलं, बस, नावं नकोत.

कपडे गेटवरच नको म्हणा, गोड बोलून पण स्पष्ट, कारण ते निवडण्यात तुमचा अख्खा रविवार जातो आणि निम्मे तर घालण्यासारखेही नसतात. आणि एकदम मोठी रक्कम मागू नका हो, दर महिन्याला शंभर-दोनशे मागा, यूपीआयवर ऑटोपे लावून देतील. दिवाळीत सगळेच द्यायला येतात, पण जूनमध्ये शाळा सुरू होते आणि पावसात नाक्यावरच्या माणसाला काम मिळत नाही, खरी ओढाताण तेव्हा असते आणि तेव्हा कुणी फिरकत नाही. दरमहा येणारे पैसे असले तरच तुम्हाला एखाद्या घराला शब्द देता येतो.

ज्यांना पैसे देणं जमत नाही त्यांना कागदपत्रांच्या कामाला लावा, मला तर हे किराण्यापेक्षा मोठं वाटतं. अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अगदी गरीब घरांच्या अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो धान्य दर महिन्याला आहे, तेही २०२३ पासून फुकट. पण कुणाचं रेशन कार्ड गावाला असतं आणि तेच कार्ड इथल्या दुकानात चालतं हे माहीत नसतं, कुणाचं केवायसी राहिलेलं, कुणाच्या मुलांची नावंच चढवलेली नाहीत. शिधावाटप कार्यालयात रोजगार बुडवून खेटे कोण घालणार? तुमच्या सोसायटीतल्या रिटायर्ड लोकांना विचारून बघा, फॉर्म भरून द्यायला आणि सोबत जायला नक्की कुणीतरी तयार होईल.

आणि एकट्या जाऊ नका, दोघी जा, सेक्रेटरीला आधी पत्र द्या.