इंजिन न फिरवता लोकल परत कशी जायची?

प्रश्न : कोल्हापूर शेवटचं स्टेशन. गाडी आली की इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडतात, त्यात बराच वेळ जातो. वाफेच्या काळात लंडनसारख्या गर्दीच्या स्टेशनात इंजिनं फिरवायला वेळ कुठून काढायचे?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : काढायचेच नाहीत! मी फायरमन (इंजिनाची आग सांभाळणारा) म्हणून लागलो तो वाफेवरच. टर्नटेबल म्हणजे इंजिन वळवायचा फिरता रूळ. त्यावर इंजिन आणि टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) मिळून वजन मधल्या खुंटावर तोलावं लागे. ड्रायव्हर वीतभर पुढं, वीतभर मागं करत बसायचा. टेंडरात कोळसा-पाणी भरलेलं असेल तर तोलाची जागा एक, रिकामा असेल तर दुसरी. तोल साधला की चौघांनी दांडा रेटला तरी टेबल फिरे. नाही साधला, तर छाती लावून रेटा, ढिम्म हलायचं नाही.

म्हणून लोकलला टँक इंजिन लावत. पाणी अंगच्याच टाक्यांत, कोळसा केबिनच्या पाठीशी, वेगळा टेंडर नाही. उलटं पळालं तरी बिघडत नसे.

पण आलेलं इंजिन डबे आणि बफरच्या (रूळ संपतो तिथला अडसर) मध्ये अडकतं, त्याचं काय? लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटला १९२० साली ग्रेट ईस्टर्न रेल्वेनं यावर झकास तोड काढली. फलाटाच्या बाहेरच्या टोकाशी छोट्या सायडिंगा (बाजूचे रूळ), तिथं आधीच्या गाडीचं इंजिन तयार उभं. नवी गाडी आत आली की ते येऊन मागच्या टोकाला जोडायचं आणि गाडी घेऊन सुटायचं. अडकलेलं इंजिन मोकळं झालं की सायडिंगात जाऊन पुढच्या गाडीची वाट बघायचं. गाडी चार मिनिटांत परत! गर्दीच्या तासाला चिंगफर्ड-एनफिल्ड या उपनगरांकडे २४ गाड्या सोडत, त्याही निव्वळ वाफेवर.

उभ्या उभ्या पाणी घ्यायचं, आग सारखी करायची, तेल घालायचं. राख उपसणं, जाळी साफ करणं ही घाण कामं गर्दी ओसरल्यावर शेडात. सगळी मदार फायरमनवर, असं मी म्हणेन. (आमची जात म्हणून नव्हे हो!) आग मध्येच बसली की मागच्या सगळ्या गाड्या रखडणार.

मुंबईत १९२५ साली व्हीटी-कुर्ला विजेची लोकल आली. दोन्ही टोकांना केबिन, त्यामुळं ही कटकटच मिटली. शिकागोत १९६० पासून डिझेल इंजिन एका टोकाला आणि ड्रायव्हरची केबिन दुसऱ्या टोकाच्या डब्यात. परतताना इंजिन मागून ढकलतं. आपल्या डेमूलाही (डिझेलवरची लोकल) दोन्हीकडं केबिन असते.

आपल्या कोल्हापूरच्या एक्स्प्रेस मोजक्या. त्यांच्यासाठी जादा इंजिन ताटकळत ठेवणं कुणाला परवडणार? शिवाय इंजिन वळसा घालून येईपर्यंत डबे झाडणं, पाणी भरणं चालूच असतं.