आदिवासी पेशंट सरकारी दवाखान्यात जायला का कचरतात? अडाणीपणामुळे का?

अडाणीपणा नाही हो, अपमान. मी मुंबईची, पण पालघरकडच्या एका दवाखान्यात डोळ्यांनी बघितलंय, वारली बाई तापाने फणफणलेलं पोर घेऊन केसपेपरच्या खिडकीशी उभी आणि आतून काय तर "आंघोळ तरी करून यायचं", तिच्या मागच्याला मात्र "या काका, बसा". परत कशाला येईल ती? मग दुखणं अंगावर काढायचं आणि अगदीच हाताबाहेर गेलं की रात्री मुंबईला पळापळ.

कॅनडातही तेच, २०२० मध्ये क्यूबेकमधल्या जॉयस एशाक्वान या आदिवासी बाईने हॉस्पिटलच्या बेडवरून फेसबुक लाइव्ह केलं, स्टाफ तिला घाण घाण बोलत होता, त्याच दिवशी ती गेली, आणि वंशवादाचाही मृत्यूत हात होता असं कोरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, स्पष्ट म्हटलं. त्यामुळे पाड्यावर जनजागृती करण्याआधी त्या खिडकीवरच्या माणसाला ट्रेनिंग द्या.