कुत्र्याच्या जखमेत औषधांना दाद न देणारे जंतू सापडलेत, घरात दोन वर्षांचं मूल आहे. कुत्रा कुणाला देऊन टाकावा का?

नको, देऊन टाकू नका. मी कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर आहे. असा रिपोर्ट आला की कालपर्यंत सोफ्यावर झोपणारा कुत्रा गॅलरीत बांधला जातो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

आधी रिपोर्टवर जंतूचं नाव बघा. 'स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस' असेल, तर तो कुत्र्यांच्या कातडीवर आणि नाकातोंडात एरवीही राहणारा जंतू. माणसाला तो क्वचितच बाधतो. 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' असेल, तर तो मुळात माणसांचा. त्याचा मेथिसिलिनला (पेनिसिलिनच्या कुळातल्या एका औषधाला) न जुमानणारा प्रकार कुत्र्याला बहुतेकदा घरातल्या माणसांकडूनच लागतो. मग कुत्र्याला काढून काय साधणार?

दोन्हींच्या औषधांना दाद न देणाऱ्या प्रकारांत सहसा 'मेक-ए' हेच जनुक असतं. त्याच्या जोरावर जंतू असं प्रथिन बनवतो, ज्याला पेनिसिलिनच्या कुळातली औषधं नीट चिकटतच नाहीत. म्हणून सेफॅलेक्सिनसारख्या, त्याच जातकुळीतल्या गोळीचा डोस वाढवून उपयोग होत नाही.

माझ्याकडे एक लॅब्रॅडोर यायचा. दर पावसाळ्यात पोटावर पुटकुळ्या. मालक जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणायचे. खाज थांबली की गोळ्या बंद. मूळ दुखणं अ‍ॅलर्जीचं, त्याकडे कुणी पाहिलंच नाही. चौथ्या वर्षी कल्चर केलं, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून कोणतं औषध चालतं ते तपासलं, तेव्हा नेहमीची एकही गोळी लागू पडत नव्हती. शेवटी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या शॅम्पूने, दहा मिनिटं फेस अंगावर ठेवून, आठवड्यातून दोन-तीनदा आंघोळ घालून तो बरा झाला. वरवरच्या संसर्गाला पुष्कळदा एवढं पुरतं. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: जखम वरवरची आहे की खोल? खोल असेल तर कल्चरमध्ये लागू पडलेलं औषध, तेही सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण.

तोवर जखम झाकून ठेवा, हात लावल्यावर साबणाने धुवा, बाळाचं तोंड चाटू देऊ नका, अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. धडधाकट माणसांच्या तपासण्या नकोत. मात्र घरात कुणाचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा केमो चालू असेल, तर हा रिपोर्ट त्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा. आणि बाळाला फोड आला, तर कुत्र्याची उरलेली गोळी नको. बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि कुत्र्याचा रिपोर्ट सोबत न्या.