आजीला सोयीचं विसरायला लावू नकोस

तुझ्या रहस्यकादंबरीची तीन प्रकरणं वाचली. स्मृतिभ्रंश झालेली आजीच गोष्ट सांगते, हे धाडस आवडलं. पण ती तुला हवं तेवढंच विसरते आणि खुनाचा विषय निघाला की तिला सगळं लख्ख आठवतं. वाचक ही लबाडी लगेच पकडेल.

अल्झायमरमध्ये बहुधा आधी जातं ते ताजं. सकाळी पेज जेवलो की नाही हे आठवत नाही, बालपणीचं आंगण मात्र तुळशीसकट दिसतं. इथे गोवा तुझ्या कामाला येईल. पणजीचा मांडवी नदीवरचा जुना पूल १९८६ च्या पावसाळ्यात कोसळला होता. आजी हट्ट धरते, "पूल पडलाय, पलीकडे बेतीला फेरीबोटीनंच जायचं." घरचे म्हणतात, म्हातारी बरळते. ती बरळत नाही गं, ती त्या पावसाळ्यातच आहे! म्हणजे तिनं पाहिलेली रक्ताळलेली साडीही कालची नव्हे. तुझं रहस्य 'कोणी' यापेक्षा 'कधी' यात आहे.

माझ्या सासूबाई किल्लीला 'ते... दार उघडायचं' म्हणायच्या. पदराच्या गाठीत सुपारी बांधायच्या आणि दिवसभर तीच शोधायच्या. ती गाठ वाचकाला दिसू दे, आजीला नको.

दिवेलागणीला अशा माणसांची घालमेल अनेकदा वाढते, तेव्हा तुझा समोरासमोर येण्याचा प्रसंग दुपारचा काढून तिन्हीसांजेला ने. आणि खरा घटनाक्रम तारखांसकट वेगळ्या वहीत लिहून ठेव. आजी गोंधळली तरी चालेल, तू गोंधळलीस तर पुस्तक गेलं. चौथं प्रकरण त्यानंतरच पाठव.