ड्रेनमधला लिस्टेरिया औषधाला दाद देत नाही? आधी लॅबला एक प्रश्न विचारा

ताई, सिन्नरच्या तुमच्या पनीर युनिटबद्दल वाचलं. रोज क्वाट (क्वाटर्नरी अमोनियमचं जंतुनाशक) मारूनही कटरखालच्या ड्रेनचा स्वॅब, म्हणजे बोळ्याने पुसून घेतलेला नमुना, पुन्हा पुन्हा लिस्टेरिया (अन्नातून पसरणारा, गरोदर बायकांना विशेष धोक्याचा जंतू) पॉझिटिव्ह येतो, आणि जंतू औषधाला सरावलेत म्हणून डोस दुप्पट करू का, असं तुम्ही विचारलंय. अंबडला आमचं पनीर-मोझरेलाचं युनिट होतं तेव्हा हेच भोगलंय, म्हणून जरा लांबण लावतो. मी डेअरीवाला आहे, मायक्रोबायोलॉजिस्ट नाही. अंतिम निर्णय तुमच्या फूड टेक्नॉलॉजिस्टला विचारूनच घ्या.

जंतू दोन तऱ्हांनी तग धरतात. पहिली तात्पुरती. थंडी, मीठ, आम्ल यांचा ताण आला की लिस्टेरियातलं सिग्मा-बी हे प्रथिन बचावाची शंभरावर जनुकं चालू करतं. ब्राइनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, पेशी बाहेरून बीटेन आणि कार्निटिन ही संयुगं ओढून घेते आणि आतलं पाणी राखते, कार्निटिन तर दुधातच असतं. चिलरमध्ये पेशीच्या पडद्यातली मेदाम्लं बदलून ती 4 अंशांतही वाढत राहते. इथे जनुकं तीच राहतात, फक्त चालू-बंद होतात. पण मेख अशी, की सौम्य आम्ल सोसलेली पेशी पुढे मीठ आणि उष्णताही जास्त सोसते. कटरखाली साचून आंबलेलं व्हे (पनीरचं निवळ पाणी) म्हणजे त्यांची फुकटची तालीमच.

दुसरी तऱ्हा पक्की, पुढच्या पिढीत जाणारी. क्वाट बाहेर फेकणाऱ्या पंपांची जनुकं, म्हणजे बीसीआरएबीसी किंवा क्यूएसीएच, बऱ्याचदा प्लाझमिडवर (डीएनएचं सुटं कडं) किंवा ट्रान्सपोझॉनवर (जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) असतात आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. लिस्टेरियाच्या काही जातींत (स्ट्रेनमध्ये) एसएसआय-1 नावाचा पाच जनुकांचा गट असतो, तो आम्ल आणि मिठात उपयोगी पडतो.

तरी डोस दुप्पट करू नका. पंपवाली आणि बिनपंपाची जात यांच्या सहनशक्तीतला फरक काही पीपीएमचा (दहा लाखांत इतके भाग) असतो. आपण मारतो साधारण 200. नीट पोचलं तर दोन्ही मरतात. पोचत नाही हीच तर रड आहे. पनीरचा चुरा, बायोफिल्म (जंतूंचा चिकट थर), फरशीच्या फटीतलं पाणी, गास्केटखालची ओल, इथे 200 चे पाच-दहा उरतात आणि पंपवालीला रान मोकळं होतं. बोअरचं पाणी जड असेल तर क्वाट आणखी लंगडं पडतं, डिटर्जंटचा अंश राहिला तरी तेच. दर आठवड्याला केमिकल बदला म्हणून सांगणारे विक्रेते भरपूर भेटतील. माझं स्पष्ट मत, आधी ब्रश हातात घ्या.

आता ज्यात आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं ते सांगतो. ते जंतूने कमी आणि लॅबने जास्त केलं. नाव घेत नाही. रिपोर्टवर एकच शब्द, 'उपस्थित'. फोन केला की "स्वच्छता वाढवा, सर." कल्चर, म्हणजे स्वॅबमधून वाढवलेले जंतू, ठेवलीय का विचारलं, तर "ती ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत मारून) टाकतो, आमची पद्धत आहे." पैसे घेताना मात्र पद्धत आड येत नव्हती! त्यामुळे दर वेळचा पॉझिटिव्ह बाहेरून आलेला नवा पाहुणा की आत ठाण मांडलेला जुना बिऱ्हाडकरू, हे कळायला मार्गच नव्हता. पाहुणा असेल तर क्रेट, गमबूट, कच्च्या दुधाची बाजू बघायची. बिऱ्हाडकरू असेल तर मशीन खोलायचं. लॅबच्या सल्ल्याने आमचे पैसे फूटबाथ, नवे बूट आणि भिंतींच्या रंगात गेले.

दुसऱ्या लॅबने दर वेळचे आयसोलेट, म्हणजे स्वॅबमधून वेगळे काढलेले जंतू, जपून ठेवले आणि जीनोम सिक्वेन्सिंगला (पूर्ण डीएनए वाचायला) पाठवले. सगळे जवळजवळ एकसारखे निघाले. मग कन्व्हेयर पूर्ण उघडला. एका पोकळ रोलरच्या टोकाची वेल्डिंग केसाएवढी चिरली होती. रोलर तिरपा केल्यावर आतून पिवळट, आंबूस पाणी ठिबकलं. तिथे कुठलंही औषध कधीच पोचलं नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या 2017-18 च्या लिस्टेरियाच्या साथीत हजारावर रुग्ण आणि दोनशेच्या वर मृत्यू झाले, त्यातही पोलोनीचा (तिथलं तयार मांसाचं सॉसेज) कारखाना सापडला तो सिक्वेन्सिंग जुळवूनच. खर्चिक आहे, मान्य. पण आयसोलेट जपून ठेवायला लॅबला काय जातंय? सॅम्पल देतानाच 'आयसोलेट जपून ठेवाल का?' हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा. नाही म्हणाले तर लॅब बदला.

स्वॅब धुलाईनंतर लगेच घेऊ नका, उत्पादन सुरू होऊन तीन-चार तासांनी घ्या. ड्रेनवर प्रेशर जेट तर अजिबात नको, तुषार थेट पनीरच्या टेबलावर येतात. ड्रेनचा ब्रश वेगळ्या रंगाचा ठेवा. गरोदर बाई कामाला असेल तर हा प्रकार मिटेपर्यंत तिला पॅकिंगच्या सुक्या बाजूला द्या.

तुमच्या कटरचे रोलर भरीव आहेत की पोकळ, तेवढं कळवा. फोटो टाकलात तर आणखी बरं.