हातमोज्यात बांधलेली अंगठी

"मॅडम, माणूस तर वाचला. मग मला झोप का येत नाही?" साताऱ्याकडच्या एका काकूंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) घरचं माणूस मरणाच्या दारातून परत आलं की कितीतरी जण हेच विचारत येतात.

काकांच्या छातीत पहाटे तीनला कळ आली, दरदरून घाम फुटला. शेजारच्या पोराने 108 ला फोन लावला. गाडीतल्या डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन चघळायला दिली. कॅज्युअल्टीत ईसीजी निघाला, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन गेलं. आठवड्याने काका घरी आले. तेव्हापासून काकू रोज तीनला उठून त्यांच्या नाकाशी बोटं धरायच्या.

तिसऱ्या भेटीत त्यांनी पर्समधून गाठ मारलेला रबरी हातमोजा काढला. "सिस्टरने यात यांची अंगठी, घड्याळ बांधून दिलं होतं. वस्तू काढल्या, हा टाकवत नाही. मी तिच्यावर ओरडले हो! म्हटलं, तारा कसल्या लावत बसलात, आधी औषध द्या! ती एक शब्द बोलली नाही. हातात हे ठेवून म्हणाली, 'काकू, बसा. सांभाळा एवढं.'"

मी त्यांना सांगितलं, त्या तारा म्हणजे ईसीजी. तो पेशंट आल्यापासून 10 मिनिटांत काढायचा असतो आणि तो पाहिल्याशिवाय ते इंजेक्शन देता येत नाही. ती सिस्टर वेळ घालवत नव्हती, वाचवत होती. काकू खूप वेळ रडल्या.

अशी जाग सुरुवातीचे काही आठवडे येतेच. महिना उलटूनही थांबली नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं, हे मी सांगितलंच. पण इथे भीतीच्या तळाशी न फेडलेले आभार होते. 'त्यांचं कामच आहे ते' म्हणून आपण ते गिळतो, हे मला कधीच पटलेलं नाही. म्हटलं, जाऊन या. पाकीट-बिकीट नको. अधीक्षकांच्या नावे पत्र लिहा, तारीख-वेळ घाला, फरशी पुसणाऱ्या मावशींनाही विसरू नका.

काकू गेल्या. सिस्टरला काहीच आठवत नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "काकांच्या गोळ्या चालू आहेत ना? मनाने बंद करू नका हं." तेवढ्यात स्ट्रेचर आलं आणि ती धावली.

"मी भिंतीला सरकले," काकू म्हणाल्या, "तिला वाट करून दिली."