भिशीचे चोवीस हजार आणि ५५ इंची टीव्ही

जळगावच्या पिंप्राळ्यातून एका ताईंनी विचारलं आहे. मिस्टर एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहेत, हातात १९,००० येतात. ताई घरी शिवणकाम करतात, लग्नसराई धरून महिन्याला सरासरी ५,००० सुटतात. घरखर्च २०,०००. उरलेल्या चार हजारांतले दोन हजार भिशीत जातात. बारा जणींची भिशी, यांचा नंबर गणपतीनंतर, म्हणजे २४,००० येतील. बँकेत ४५,००० ची एफडी आहे, बाकी काही नाही. सात वर्षांचा ३२ इंची टीव्ही मागच्या महिन्यात बंद पडला: आवाज येतो, चित्र नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, पॅनल गेलं, साडेसहा हजार लागतील. दुकानदार म्हणतो, ५५ इंची घेऊन जा, एक रुपया भरू नका, १,९९९ चे २४ हप्ते, व्याज शून्य. मुलगा नववीत आहे, त्याला क्रिकेट मोठ्या पडद्यावर हवं. आणि श्रावणात आमच्या खानदेशातला कानबाईचा सण आहे, भाऊबंद घरी येणार. टीव्ही बंद दिसला तर "लोके काय म्हनतीन?" असं सासूबाईंचं चाललंय. हप्ते घ्यावेत, एफडी मोडावी की थांबावं?

ताई, कुठल्याही दुकानात जायच्या आधी आज रात्री एक काम करा. घरातले दिवे बंद करा, टीव्ही चालू करा आणि आवाज आला की मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरून नीट बघा. पुसट, भुतासारखं का होईना, चित्र हलताना दिसलं तर तुमचं पॅनल शाबूत आहे. गेली आहे ती मागची एलईडीची पट्टी. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो खरं तर एलसीडीच असतो. चित्र पुढच्या काचेत, म्हणजे पॅनलमध्ये, तयार होतं आणि मागून दिव्यांच्या पट्ट्या उजेड देतात. पाच-सात वर्षांनी या पट्ट्या जातात, आणि लक्षणं अगदी तुम्ही लिहिली तशीच असतात: आवाज चालू, पडदा काळा. पॅनलच्या मानाने हे काम खूप स्वस्त, ३२ इंचीला साधारण दोन-अडीच हजारांच्या आत बसायला हवं. गोलाणी मार्केटला किंवा ओळखीच्या दुसऱ्या कारागिराला दाखवा आणि "पट्टी बदलायचे किती?" असंच विचारा. "काय झालंय?" असं विचारलंत की उत्तर साडेसहा हजारांपासून सुरू होतं.

टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही, किंवा पडद्यावर उभ्या रेघा, चिरा असतील, तर मात्र साडेसहा हजार घालू नका. सात वर्षांच्या ३२ इंची टीव्हीत एवढे पैसे घालणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी झूल.

आता हप्त्यांकडे येतो, कारण खरा धोका तिथे आहे.

१,९९९ गुणिले २४ म्हणजे ४७,९७६. हप्त्यावर घेण्याआधी दुकानदाराला एकदा सरळ विचारायचं असतं, "रोख दिले तर शेवटचा भाव काय?" तुमच्या पत्रात त्याचंच उत्तर आहे: रोखीने ४०,००० ला देतो म्हणाला. मग वरचे ७,९७६ कसले? त्यालाच व्याज म्हणतात. दोन वर्षांत आठ हजार, म्हणजे वर्षाला चार हजार, म्हणजे चाळीस हजारांवर १० टक्के, असं वरवर वाटेल. पण चाळीस हजार तुमच्याकडे दोन वर्षं राहतच नाहीत. दर महिन्याला तुम्ही थोडे परत करता, म्हणून सरासरी कर्ज निम्म्याच्या आसपासच राहतं. नीट हिशेब घातला तर हा दर वर्षाला १८ टक्क्यांच्या घरात जातो. त्यावर प्रोसेसिंग फी लावली तर आणखी वर. 'शून्य टक्के' अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना लेखी बजावलं होतं. व्याज कुणीतरी भरतंच. कधी कंपनी भरते, कधी न मिळालेल्या सवलतीतून आपण भरतो, आणि तुमच्या बाबतीत तर ते उघड उघड हप्त्यातच आहे.

मग चाणाक्ष वाचक म्हणेल, एफडीवर सहा-सात टक्के व्याज मिळतं, हप्त्याला १८ जातं, तर एफडी मोडून रोखीने का घेऊ नये? गणित बरोबर आहे. मुदतीआधी मोडली म्हणून एखादा टक्का कापला तरी हप्त्यापेक्षा ती स्वस्तच पडेल. पण ही एफडी गुंतवणूक नाही, तुमच्या घराची उशी आहे. मिस्टरांचं काम कारखान्यातलं, सासूबाईंचं वय झालेलं, आणि महिन्याचा खर्च २०,०००. निदान तीन महिन्यांचा खर्च बाजूला असावा असं मी प्रत्येकाला सांगतो, म्हणजे ६०,०००. तुमच्याकडे ४५,००० आहेत. उशी आधीच आखूड आहे, तिच्यातला कापूस काढून टीव्ही आणायचा नाही. एफडीचा विषय इथे संपला.

हप्त्याबद्दल एक गोष्ट स्वतःची सांगतो. लग्नानंतर आम्ही फ्रिज हप्त्यावर घेतला. हप्ता ५ तारखेला, पगार ७ ला. फॉर्मवर सही करताना हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. तिसऱ्या महिन्यात खात्यात शिल्लक कमी पडली, हप्ता परत गेला. बँकेने दंड लावला, कर्ज देणाऱ्या कंपनीने वेगळा लावला, वर दोन्हींवर जीएसटी. फ्रिजमध्ये तेव्हा दूध आणि भरताची वांगी एवढंच होतं. दंड थोडका होता, पण पुढे घरासाठी कर्ज घ्यायला गेलो तेव्हा ती चूक सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीच्या, कागदावर दिसत होती. तुमच्याकडे महिन्याला उरतात चार हजार. दोन भिशीला, दोन हप्त्याला. शिल्लक शून्य. या २४ महिन्यांत दोन जून येतील, वह्या-पुस्तकं आणि क्लासची फी घेऊन. दोन दिवाळ्या येतील. आणि मधे मुलाची दहावी. दहावीच्या वर्षात घरात ५५ इंची टीव्ही बसवायचा की नाही, हा आर्थिक प्रश्न नाही म्हणून मी गप्प बसतो.

म्हणून माझं मत: भिशीच्या पैशांत, गणपतीनंतर, ४३ इंची. रोखीने.

भिशीचे २४,००० म्हणजे लॉटरी नाही हेही लक्षात असू द्या. तुमचा नंबर लागेपर्यंत त्यातले बरेच पैसे तुम्हीच भरलेले असतील, आणि राहिलेले हप्ते नंबर लागल्यावरही भरावे लागतील. तरी हे पैसे एकरकमी खरेदीसाठीच बाजूला पडत होते, म्हणून ते वापरायला माझी हरकत नाही. वेळही चांगली साधते. गणपती ते दिवाळी हाच टीव्हीच्या सवलतींचा हंगाम, आणि हातात रोख असली की घासाघीस जमते.

४३ च का? तुम्ही लिहिलंत, दिवाण भिंतीपासून आठ फुटांवर आहे. टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. ४३ इंची टीव्ही रुंदीला तीन फुटांहून थोडा जास्त भरतो. फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारीक ठिपक्यांच्या, चित्रासाठी पडद्याच्या इंचांच्या दीडपट अंतर पुरतं, म्हणजे ४३ ला साडेपाच फूट आणि ५५ ला सात. तेव्हा अंतराच्या हिशेबाने ५५ तुमच्या खोलीत बसत नाही असं मी म्हणणार नाही, तो बसतो. अडचण दुसरी आहे. घरात दूरदर्शनची फ्री डिश आहे. महिन्याचा खर्च नाही, सह्याद्री दिसते, बातम्या दिसतात, उत्तम सोय आहे, ती काढू नका. पण तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या जुन्या, कमी बारकाव्याच्या असतात. तेवढंच चित्र ताणून ५५ इंचांवर पसरलं की माणसांचे चेहरे पिठात लोळवल्यासारखे दिसतात. सासूबाईंना दिवसातले चार-पाच तास हेच बघायचं आहे. दुकानात जे झगझगीत मोर आणि धबधबे दिसतात ते खास टीव्ही विकण्यासाठी बनवलेले असतात. तिथे साधं डिशचं चॅनल लावून दाखवायला सांगा. पेनड्राइव्हवर मोबाइलने काढलेला घरचा एखादा व्हिडिओ न्या. आणि सासूबाईंची खाट ज्या बाजूला असते तितकं बाजूला उभं राहून बघा. काही पॅनल समोरून छान दिसतात, पण कडेने फिकट पडतात. हे कुठल्याही डब्यावर लिहिलेलं नसतं.

आणखी एक. पूर्वी मीच सांगायचो की ३२ इंची घ्या, त्यावर जीएसटी १८ टक्के आहे, त्याहून मोठ्यावर २८. हे २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललं. आता सगळ्या टीव्हींवर १८ टक्केच. त्यामुळे ३२ च्या वर गेलं की बसणारा करातला दणका राहिला नाही. पण दुकानदार "कर कमी झाला म्हणून ५५ घ्या" म्हणाला तर त्याला सांगा, कर ४३ वरही तेवढाच कमी झालाय.

क्यूएलईडी, एचडीआर, '१२० मोशन', अशी जी अक्षरं डब्यावर असतात त्यांना या किमतीत भाव देऊ नका. क्यूएलईडीही एलसीडीच असतो, फक्त रंग उठावदार करणारा एक थर जास्त. एचडीआर म्हणजे उजळ आणि गडद भागांतले बारकावे, पण तो फरक दिसायला पडद्याला जो उजेड लागतो तो स्वस्त टीव्हीत नसतो. विचारायचं ते एवढंच: फोर-के आहे का, रॅम निदान २ जीबी आहे का, बाहेरचे डबे जोडायच्या एचडीएमआयच्या तीन जागा आहेत का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कंपनीचा माणूस पिंप्राळ्यात घरी येतो का. हे दुकानदाराला विचारू नका. कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन करून आपला पिनकोड सांगा आणि तिथूनच वदवून घ्या. पाच हजार स्वस्त मिळालेला टीव्ही दुरुस्तीसाठी नाशिकला पाठवावा लागला तर तो स्वस्त कसला?

विजेची फार काळजी करू नका. ४३ इंची साधारण ८० ते १०० वॅट घेतो. पाच तास चालला तर महिन्याला १२ ते १५ युनिट. फक्त तुमचं बिल शंभर युनिटांच्या काठावर असेल, तर वरच्या युनिटांना महावितरणचा दर बराच चढा लागतो, एवढं ध्यानात ठेवा.

इंटरनेटचं मात्र तुम्ही पत्रात काहीच लिहिलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. मुलगा मोबाइलवरून टीव्हीला नेट जोडून मॅच बघणार, हे उघड आहे. चांगल्या चित्राची मॅच तासाला दोन-तीन जीबी खाते, फोर-के असेल तर सातपर्यंत. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर पहिला डाव संपायच्या आत नेट आटतं. मग आठवड्याभरात "आई, वायफाय घेऊ" सुरू होतं. महिना ३९९ चा प्लॅन धरा, जीएसटीसह ४७१. वर्षाचे साडेपाच हजारांच्या वर, पाच वर्षांचे २८,०००. म्हणजे टीव्हीपेक्षा जास्त. वर क्रिकेटच्या अ‍ॅपची वर्गणी वेगळी. म्हणून टीव्ही घेण्याआधीच मुलाला समोर बसवून ठरवा: वायफाय घ्यायचंच असेल तर त्याच्या अभ्यासासाठी आणि तुमच्या ऑर्डरींसाठीही ते लागतंय का, आणि कुणाच्या मोबाइलचा रिचार्ज त्या बदल्यात कमी होणार? हा हिशेब बसला नाही तर टीव्ही घ्या, वायफाय पुढच्या वर्षी.

कानबाईचं काय? पट्टी बदलून जुना टीव्ही सुरू झाला तर प्रश्नच मिटला. नाहीतर सासूबाईंना माझा निरोप सांगा: घर सारवून-रंगवून, प्रसादाचे रोट नीट झाले, चौरंगावर कानबाई बसली की भाऊबंदांच्या पाठी भिंतीकडेच असतात. टीव्ही कुणी बघत नाही.

टीव्ही घरी येईल तेव्हा डबा आणणाऱ्या माणसासमोरच उघडा आणि पडदा लावून बघा, मगच सही करा. दुकानदार वाढीव वॉरंटी गळ्यात मारेल. ती कंपनीची स्वतःची असेल आणि हजार-दीड हजारांत मिळत असेल तरच घ्या. भिंतीवर बसवायचा तर पश्चिमेची तापणारी भिंत टाळा, आपल्याकडे मे महिन्यात ती हात लावू देत नाही. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की वायर काढाच, आणि डिशची केबलही काढा. नुसता स्विच बंद करून वीज थांबत नाही. आणि डबा, थर्माकोल महिनाभर माळ्यावर ठेवा. पॅनलमध्ये खोट निघाली तर बदलून देताना आधी तोच मागतात.